पानाला शत्रू कळतो कसा?

गव्हावर तांबेरा उतरला की शेजारी-शेजारी पेरलेल्या दोन वाणांत कमालीचा फरक दिसतो. एका वाणाची पाने नारिंगी भुकटीने भरून जातात. हात फिरवला तर बोटे रंगतात. त्याला लागूनच, त्याच वाऱ्यात आणि त्याच दवात उभ्या असलेल्या दुसऱ्या वाणावर भुकटीचा मागमूस नसतो. पण ती पाने पूर्ण स्वच्छही नसतात. नीट निरखले तर त्यांवर फिकट, वाळलेले, अगदी बारीक ठिपके दिसतात.

बुरशीचे बीजाणू दोन्ही वाणांवर सारखेच पडले होते. पहिल्या वाणाला त्यांनी पोखरले, दुसऱ्यात ते शिरले आणि तिथेच संपले. दुसऱ्या वाणाला शत्रू आल्याचे कळले, हे उघड आहे. पण कळले कोणाला? झाडाला मेंदू नाही, रक्त नाही, पांढऱ्या पेशी नाहीत, प्रतिपिंडे नाहीत. मग शत्रू ओळखला कोणी, त्याला थांबवले कोणी आणि त्या बारीक ठिपक्यांच्या जागी नेमके काय घडले?

गेल्या काही दशकांतल्या संशोधनाने या प्रश्नांची बरीच उत्तरे दिली आहेत. वनस्पतीचे संरक्षण दोन गोष्टींवर उभे आहे. एक, शत्रूची अचूक ओळख आणि दुसरी, कोणाशी कसे आणि किती लढायचे याची निवड. यातली दुसरी गोष्ट आपण सहसा विसरतो. पीक जगवायचे असेल तर तीही तितकीच समजून घ्यायला हवी.

प्रत्येक पेशी स्वतःची राखणदार

आपल्या शरीरात संरक्षणाचे काम वाटून दिलेले असते. पांढऱ्या पेशी रक्तातून फिरतात आणि जंतू आढळला की तिथे धावतात. वनस्पतीला हा मार्ग बंद आहे. तिची प्रत्येक पेशी सेल्युलोजच्या भित्तिकेत कायमची बसलेली असते, तिला जागा सोडता येत नाही. त्यामुळे मुळाच्या टोकापासून शेंड्यापर्यंत जवळजवळ प्रत्येक जिवंत पेशीला शत्रू ओळखण्याचे आणि त्याच्याशी लढण्याचे साहित्य स्वतःजवळ ठेवावे लागते.

पोलीस चौकी नसलेली एखादी वस्ती डोळ्यांसमोर आणा. तिथे प्रत्येक घर आपली राखण आपणच करते. एक राखणदार दारावर, दुसरा आत तिजोरीपाशी. चोर आला तर ते घर स्वतः झुंजते आणि बाकीच्या घरांना बातमीही पोचवते. वनस्पतीची व्यवस्था साधारण अशीच आहे. राखणदारांचे काम करणाऱ्या प्रथिनांना ग्राही किंवा रिसेप्टर म्हणतात. बातमी नेणाऱ्या आणि पुढची कृती ठरवणाऱ्या रसायनांना संप्रेरके किंवा हॉर्मोन म्हणतात.

ग्राही म्हणजे विशिष्ट घडणीचे प्रथिन. त्याच्या एका भागात खाच असते आणि तिच्यात ठरावीक आकाराचाच रेणू बसतो. तो बसला की प्रथिनाची ठेवण बदलते आणि पेशीच्या आतली रासायनिक यंत्रणा चालू होते. ‘ओळखणे’ हा शब्द आपण वनस्पतीसाठी वापरतो तेव्हा त्यामागे एवढीच, पण अतिशय अचूक अशी घटना असते.

दारावरची ओळख

ग्राहींचा पहिला गट पेशीच्या पटलावर, बाहेर तोंड करून बसलेला असतो. जगात रोगजंतूंच्या असंख्य जाती आहेत. प्रत्येकीसाठी वेगळा ग्राही बनवणे कोणत्याही झाडाला परवडणार नाही. म्हणून हे ग्राही अशा खुणा शोधतात, ज्या जंतूंच्या मोठ्या गटात सारख्या असतात आणि ज्या टाकून देणे जंतूला सोपे नसते.

बुरशीचे उदाहरण घ्या. तिच्या पेशीभित्तिकेत कायटिन असते. वनस्पतीच्या भित्तिकेत ते नसते. त्यामुळे पानाच्या पेशीला कायटिनचे तुकडे आढळले तर आसपास बुरशी किंवा कायटिनचेच कवच असलेला कीटक आहे, हे नक्की. जिवाणूंची खूण वेगळी आहे. अनेक जिवाणू शेपटीसारखी कशाभिका फिरवून पोहतात आणि ती फ्लॅजेलिन नावाच्या प्रथिनाची बनलेली असते. या प्रथिनातला २२ अमिनो आम्लांचा एक तुकडा वनस्पती ओळखतात. मोहरीच्या कुळातली अरॅबिडॉप्सिस ही छोटी वनस्पती प्रयोगशाळांत फार वापरली जाते. फ्लॅजेलिन ओळखणारा ग्राही २००० साली तिच्यातच सापडला.

त्याआधी, १९९५ साली, अमेरिकेत पामेला रोनाल्ड यांच्या प्रयोगशाळेने भाताचे एक्सए२१ हे जनुक वेगळे केले होते. पश्चिम आफ्रिकेतल्या माली देशातून आलेल्या जंगली भातात ते होते. भाताची पाने कडेने वाळवत नेणारा जिवाणूजन्य करपा ज्या जंतूमुळे होतो, तो ओळखणारा पटलावरचा ग्राही या जनुकापासून बनतो.

ग्राहीला खूण सापडली की पुढच्या घटना मिनिटांत घडतात. बाहेरचे कॅल्शियम पेशीत शिरते आणि तेच धोक्याचा पहिला इशारा ठरते. पेशी हायड्रोजन पेरॉक्साइडसारखी तिखट रसायने सोडते. भित्तिकेला आतून अस्तर चढते आणि जंतूंना मारक अशी द्रव्ये तयार होऊ लागतात.

याच वेळी पर्णरंध्रेही मिटतात. झाड या रंध्रांतून श्वास घेते, पण जिवाणूंना आत शिरायलाही तीच वाट सोयीची असते. पानाभोवती जिवाणू असल्याचे कळताच रंध्रांच्या कडेच्या रक्षक पेशी वाट बंद करतात, हे २००६ साली प्रयोगांतून दिसून आले.

झाडाच्या आसपास रोज हजारो जंतू येतात. त्यांतले बहुतेक इथेच, आपल्याला काही दिसण्याआधीच थांबतात.

शत्रूची घुसखोरी

काही जंतू मात्र थांबत नाहीत. तांबेऱ्याच्या बीजाणूला दवाचा ओलावा मिळाला की त्यातून बारीक नळी निघते. ती पानाच्या पृष्ठभागाचा उंचसखलपणा चाचपत रंध्र शोधते आणि आत शिरते. आत गेल्यावर बुरशी पेशीची भित्तिका भेदते आणि पटलाला चिकटून आपले शोषकांग रोवते. इथून पुढे ती त्या पेशीचेच अन्न खाऊन जगते. तांबेऱ्याची बुरशी जिवंत पेशींवरच वाढू शकते, मेलेल्या पेशीतून तिला काही मिळत नाही. हे लक्षात ठेवावे, कारण पुढच्या सगळ्या डावपेचांचे मूळ इथे आहे.

या शोषकांगातून बुरशी पेशीत स्वतःची प्रथिने सोडते. त्यांना इफेक्टर म्हणतात. पेशीची संरक्षणयंत्रणा निकामी करणे, हे त्यांचे काम. कोणी इशारा पुढे जाऊ देत नाही, कोणी मारक द्रव्ये बनू देत नाही. दारावरच्या राखणदाराने आरोळी ठोकली तरी ती घरात पोचूच नये, अशी ही योजना असते.

जिवाणूही यात मागे नाहीत. करप्याचे जिवाणू सुईसारख्या अवयवातून आपले इफेक्टर थेट पेशीत टोचतात. त्यांतले काही इफेक्टर भाताच्या केंद्रकात जाऊन साखर बाहेर सोडणारे जनुकच चालू करतात. मग भाताची पेशी आपल्या हाताने शत्रूला खाऊ घालू लागते.

आतला पहारा

या टप्प्यावर दुसऱ्या गटातले ग्राही कामाला येतात. ते पेशीच्या आत असतात आणि इफेक्टरवर नजर ठेवतात. अरॅबिडॉप्सिसमध्ये अशा ग्राहींची सुमारे दीडशे जनुके आहेत, भातात चारशेहून अधिक.

असे काहीतरी असले पाहिजे, हा अंदाज फार जुना आहे. अमेरिकेतल्या नॉर्थ डाकोटा राज्यात हॅरॉल्ड फ्लोर हे शास्त्रज्ञ जवसावरच्या तांबेऱ्याचा अभ्यास करत होते. १९४०च्या दशकात त्यांनी जवसाच्या वाणांचे संकर केले, तसेच बुरशीच्या प्रकारांचेही केले. त्यातून त्यांना एक सुबक हिशोब सापडला. जवसातल्या प्रतिकाराच्या प्रत्येक जनुकाला बुरशीत एक जोडीदार जनुक असते. ही जोडी जुळली तर रोग थांबतो, न जुळली तर पसरतो. त्या काळी जनुक कशाचे बनलेले असते हेही नीट ठाऊक नव्हते. वनस्पतीचे जनुक म्हणजे आतला ग्राही आणि बुरशीचे जनुक म्हणजे तो ओळखत असलेला इफेक्टर, हे कळायला पुढची पन्नास वर्षे लागली.

हे ग्राही दोन तऱ्हांनी काम करतात. काही जण इफेक्टरला थेट पकडतात. काहींचे लक्ष इफेक्टरवर नसतेच. शत्रू पेशीतल्या ज्या प्रथिनावर हात टाकेल, त्या प्रथिनापाशी ते बसून असतात. चोराचा चेहरा ओळखता आला नाही तरी तिजोरीचे कुलूप कोणी हलवले, हे तिथे बसलेल्याला कळतेच. ही दुसरी तऱ्हा काटकसरीची आहे. वेगवेगळे शत्रू एकाच कुलपावर येत असतील तर सगळ्यांसाठी एक राखणदार पुरतो.

ग्राही जागा झाला की नेमके काय करतो, हे कोडे २०१९ साली सुटू लागले. चीनमधल्या संशोधकांनी अरॅबिडॉप्सिसच्या अशा एका ग्राहीची रचना अणूंच्या पातळीवर पाहिली. पाच ग्राही एकत्र येऊन चाकासारखी आकृती बनवतात आणि तिचा मधला भाग पटलात घुसतो, असे त्यांना दिसले. त्या भागातून कॅल्शियम आत येऊ शकते, हे पुढच्या प्रयोगांनी दाखवले. २०२२ साली गव्हाच्या एसआर३५ या ग्राहीचीही अशीच रचना उलगडली. खोडावरच्या काळ्या तांबेऱ्याविरुद्ध काम करणारा हा ग्राही एकबिजी या गव्हाच्या प्राचीन प्रकारातून मिळाला आहे. त्याचे पाच रेणू बुरशीच्या इफेक्टरचे पाच रेणू धरतात, चाक तयार होते आणि कॅल्शियमचा लोंढा पेशीत शिरतो.

हा लोंढा पहिल्या इशाऱ्यापेक्षा जोरकस आणि दीर्घकाळ टिकणारा असतो. त्याचा शेवट बहुधा पेशीच्या मृत्यूत होतो. पेशी स्वतःला संपवते आणि तिच्या लगतच्या काही पेशीही तेच करतात. जिवंत पेशीवर जगणाऱ्या बुरशीचे शोषकांग आता मेलेल्या पेशीत अडकते आणि तिची उपासमार होते. निरोगी वाणाच्या पानावर दिसणारे ते फिकट ठिपके म्हणजे रोगाला रोखण्यासाठी मरण पत्करलेल्या पेशी. हजारो पेशी गेल्या, पण पान वाचले.

दारावरचे ग्राही आणि आतले ग्राही या दोन स्वतंत्र फळ्या आहेत, अशी समजूत बराच काळ होती. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने ती बदलली. एकीला दुसरीची जोड मिळाली तरच लढा पूर्ण जोरात होतो.

बातमी आणि निवड

एका पेशीला शत्रू कळला, पण बाकीच्या झाडाचे काय? इथे संप्रेरके येतात. संप्रेरक म्हणजे अत्यल्प प्रमाणात बनणारे, पण संपूर्ण झाडाचे वागणे बदलणारे रसायन.

अमेरिकेतल्या फ्रँक रॉस यांनी १९६१ साली तंबाखूवर एक प्रयोग नोंदवला. रोपाच्या खालच्या पानांना मोझॅक विषाणूची लागण केली. काही दिवसांनी वरच्या, आजवर रोग न पाहिलेल्या पानांना तोच विषाणू लावला, तेव्हा त्यांवर डाग फारच कमी आणि लहान उठले. खालच्या पानांची बातमी वर पोचली होती.

त्या बातमीमागचे रसायन कोणते, याचा धागा १९७९ साली इंग्लंडच्या रोथॅमस्टेड संशोधन केंद्रात मिळाला. रेमंड व्हाइट यांनी तंबाखूच्या पानांत अ‍ॅस्पिरिन टोचले आणि ती पाने मोझॅक विषाणूला चांगला प्रतिकार करू लागली. अ‍ॅस्पिरिन हे सॅलिसिलिक आम्लाचेच बदललेले रूप आहे. लागण झाल्यावर वनस्पती हे आम्ल स्वतःच मोठ्या प्रमाणात तयार करते, हे १९९० साली सिद्ध झाले. ते तयार झाले की एनपीआर१ नावाचे प्रथिन पेशीच्या केंद्रकात शिरते आणि संरक्षणाची शेकडो जनुके कामाला लावते. दूरच्या पानांपर्यंत बातमी नेण्याचे काम मात्र मुख्यतः दुसरी रसायने करतात. त्यांतले एक महत्त्वाचे रसायन २०१८ साली ओळखले गेले. बातमी पोचल्यावर त्या पानांत सॅलिसिलिक आम्ल वाढते आणि ती सज्ज होतात.

तांबेरा, भुरी आणि केवडा यांसारखे रोग आणणारे, जिवंत पेशींवर पोसणारे जंतू सॅलिसिलिक आम्लाच्या मार्गाने आवरले जातात. पण पानावर अळी बसली असेल तर? पेशीने मरून अळीची उपासमार होत नाही, तिला आयता घास मिळतो. तिच्यासाठी वेगळे शस्त्र लागते.

अळीच्या पोटावर घाव

पान कुरतडले जाताच जास्मोनिक आम्लाचा मार्ग चालू होतो. या आम्लाचे एक भावंड चमेलीच्या तेलात सापडते आणि त्या तेलाच्या सुवासात त्याचा वाटा असतो.

या मार्गाची रचना मोठी शहाणपणाची आहे. अळीविरुद्धची जनुके पेशीत कायम असतात, पण एरवी काही प्रथिने त्यांना दाबून धरतात. जास्मोनिक आम्ल एका अमिनो आम्लाशी जोडले गेले की ते या दाबून धरणाऱ्या प्रथिनांचा नाश घडवते. झाकण उडते आणि जनुके मोकळी होतात. म्हणूनच धोका आल्यावर झाडाला नव्याने काही उभारावे लागत नाही आणि प्रतिसाद झटपट मिळतो.

मोकळी झालेली जनुके जी प्रथिने बनवतात, त्यांतली काही अळीच्या पचनावर घाव घालतात. अळीच्या पोटातली विकरे पानातली प्रथिने तोडतात. वनस्पतीने बनवलेले रोधक त्या विकरांना अडवून धरतात. पोट भरलेले असूनही अळीला पोषण मिळत नाही आणि तिची वाढ खुंटते. अमेरिकेत ग्रीन आणि रायन या शास्त्रज्ञांनी १९७२ साली बटाटा आणि टोमॅटोवर हे दाखवले. एका पानाला इजा झाली की इजा न झालेल्या पानांतही रोधक तयार होतात, हेही त्यांना आढळले.

महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याला हा विषय जवळचा आहे. हरभऱ्याचे घाटे, तुरीच्या शेंगा आणि टोमॅटोची फळे पोखरणारी घाटेअळी ही एकच जात आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मिरचीतून मिळवलेल्या रोधकांचा या अळीवर काय परिणाम होतो, याचा बराच अभ्यास झाला आहे. त्यातून अळीची लवचीकताही समोर आली. एक विकर अडवले की ती रोधकाला न जुमानणारे दुसरे विकर बनवू लागते.

पानाला कातरीने कापले जाणे आणि अळीने खाणे यांतला फरकही वनस्पतीला कळतो. मक्यावरच्या एका लष्करी अळीच्या तोंडातल्या स्रावात व्होलिसिटिन नावाचे द्रव्य असते. ते जखमेला लागले की मका विशिष्ट वासांचे मिश्रण हवेत सोडतो. त्या वासाच्या मागाने बारीक गांधीलमाशा येतात आणि अळीच्या अंगात अंडी घालतात. अळी आतून खाल्ली जाते.

एका पानाची बातमी दुसऱ्या पानापर्यंत किती वेगाने जाते, हे २०१८ साली अमेरिकेत सायमन गिलरॉय यांच्या प्रयोगशाळेने कॅमेऱ्यात टिपले. कॅल्शियम वाढले की चमकणारी रोपे त्यांनी वापरली. अळीने पान खाताच चमक सेकंदाला सुमारे एक मिलिमीटर या वेगाने दूरच्या पानांकडे सरकली आणि काही मिनिटांत तिथे जास्मोनिक आम्ल वाढले.

सगळी शस्त्रे एकदम का नाहीत?

मग झाड कायम सज्ज का राहत नाही? सगळे मार्ग सदैव चालू ठेवले तर काय बिघडेल?

पहिली अडचण अशी की सॅलिसिलिक आम्लाचा मार्ग आणि जास्मोनिक आम्लाचा मार्ग बहुतेक वेळा एकमेकांना दाबतात. जंतू याचा फायदा उठवतात. टोमॅटोवर ठिपके पाडणारा एक जिवाणू कोरोनॅटिन नावाचे विष बनवतो. या विषाची घडण जास्मोनिक आम्लाच्या कार्यशील रूपाशी इतकी मिळतीजुळती असते की पेशी फसते. अळीविरुद्धचा मार्ग चालू होतो, सॅलिसिलिक आम्लाचा मार्ग दबतो आणि मिटलेली रंध्रे पुन्हा उघडतात. वस्तीत खोटी दवंडी पिटली गेली, सगळे मागल्या बाजूला धावले आणि चोर पुढच्या दाराने शिरला.

दुसरी अडचण याहून गंभीर आहे. तांबेऱ्याविरुद्ध पेशीचा मृत्यू हे उत्तम शस्त्र आहे, पण काही बुरशी मेलेल्या पेशींवरच पोसतात. अमेरिकेत १९४०च्या दशकात ओटचे असे वाण खूप पेरले गेले, ज्यांत ‘व्हिक्टोरिया’ या वाणातून आणलेले तांबेराप्रतिकारक जनुक होते. १९४६च्या सुमारास त्याच वाणांवर एक नवा करपा आला आणि त्याने मोठे नुकसान केले. त्या बुरशीचे विष नेमके प्रतिकारक झाडांतच पेशींचा मृत्यू घडवत होते. तांबेऱ्याचा प्रतिकार आणि करप्याला बळी पडणे हे गुण वेगळे करण्याचे प्रयत्न झाले, पण ते वेगळे होईनात. एका शत्रूविरुद्धची ढाल दुसऱ्या शत्रूसाठी दार ठरली. अशा मेलेल्या पेशींवर जगणाऱ्या बुरशींशी झाड सहसा जास्मोनिक आम्ल आणि इथिलीन यांच्या जोडीने लढते. इथिलीन म्हणजे फळे पिकवणारा तोच वायू.

तिसरी अडचण खर्चाची. संरक्षणाची प्रथिने बनवायला नत्र आणि ऊर्जा लागते आणि ती वाढीच्या वाट्यातून जाते. आतले ग्राही शत्रू नसतानाच चालू राहतील असा बिघाड झालेली झाडे खुजी राहतात, त्यांची पाने आपोआप डागाळतात. सॅलिसिलिक आम्लासारखे काम करणारे एक फवारणीचे रसायन युरोपात गव्हासाठी १९९०च्या दशकात बाजारात आले. जर्मन संशोधकांनी ते रोग नसलेल्या गव्हावर वापरून पाहिले. तेव्हा फवारलेल्या झाडांची वाढ कमी झाली आणि दाणेही कमी भरले. नत्र अपुरे होते तिथे तर हा फटका अधिक होता.

हवामानाचाही इथे हात असतो. तंबाखूत मोझॅक विषाणूला रोखणारे एक जनुक आहे. तापमान सुमारे २८ अंशांच्या वर गेले की ते निष्प्रभ होते आणि विषाणू झाडभर पसरतो. उष्णतेत सॅलिसिलिक आम्ल बनवण्याची क्षमताच कमी होते. ती नेमकी कोणत्या जनुकापाशी अडते, हे २०२२ साली अरॅबिडॉप्सिसमध्ये शोधले गेले. तापमान वाढत असताना हे संशोधन उष्ण प्रदेशांतल्या शेतीसाठी फार मोलाचे आहे.

चौकट: थोडक्यात

• वनस्पतीत फिरत्या संरक्षक पेशी नसतात. शत्रू ओळखणे आणि लढणे, दोन्ही कामे प्रत्येक पेशी करते.
• पटलावरचे ग्राही जंतूंच्या सामाईक खुणा ओळखतात. उदाहरणार्थ, बुरशीचे कायटिन आणि जिवाणूंचे फ्लॅजेलिन.
• पेशीतले ग्राही जंतूंनी सोडलेले इफेक्टर किंवा त्यांची करामत ओळखतात. परिणामी बाधित पेशी मरते आणि जिवंत पेशीवर जगणारा जंतू उपाशी मरतो.
• सॅलिसिलिक आम्ल जिवंत पेशींवर जगणाऱ्या जंतूंविरुद्ध काम करते. जास्मोनिक आम्ल अळ्यांविरुद्ध आणि इथिलीनसह मेलेल्या पेशींवर जगणाऱ्या बुरशींविरुद्ध काम करते.
• हे दोन मार्ग बहुधा एकमेकांना दाबतात. संरक्षणाची किंमत वाढीतून आणि उत्पादनातून मोजावी लागते.

एकाच राखणदारावर विसंबू नये

या ज्ञानाचा शेतीला काय उपयोग? पहिला धडा वाणांच्या निवडीचा आहे. आतला ग्राही एक ठरावीक इफेक्टर ओळखतो. बुरशीच्या त्या एका प्रथिनात बदल झाला की ओळख पुसली जाते. गव्हात राय या धान्यातून आणलेले एसआर३१ हे जनुक जगभर वापरले जात होते. उत्तर भारतात मोठ्या प्रमाणावर पेरल्या गेलेल्या पीबीडब्ल्यू ३४३ या वाणातही ते होते. १९९८ साली युगांडात त्या जनुकाला न जुमानणारा काळा तांबेरा आढळला. तो यूजी९९ या नावाने ओळखला जातो. पुढच्या दशकात तो केनिया, इथिओपिया, येमेन आणि इराणपर्यंत पोचला. भारतातही तांबेऱ्याचे बीजाणू वाऱ्याने दूरवर जातात. मैदानी भागातल्या उन्हाळ्यात ते तगत नाहीत, थंड डोंगराळ भागात टिकून राहतात आणि तिथून दरवर्षी खाली येतात, हे आग्र्याचे प्राध्यापक के. सी. मेहता यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच दाखवले होते. महाबळेश्वरच्या गहू गेरवा संशोधन केंद्रासारख्या ठिकाणी तांबेऱ्यावर सतत नजर ठेवावी लागते, ती याच कारणाने.

यावर उपाय म्हणजे वेगवेगळ्या तऱ्हेचे राखणदार एकत्र आणणे. हैदराबादच्या संस्थांनी विकसित केलेल्या आणि २००८ साली प्रसारित झालेल्या सुधारित सांबा मसुरी या भाताच्या वाणात करप्याविरुद्ध तीन जनुके आहेत. त्यांतले एक्सए२१ म्हणजे पटलावरचा ग्राही. दुसऱ्या जनुकात असा बदल आहे की जिवाणूच्या सांगण्यावरून साखर सोडणे पेशी नाकारते. तिसऱ्यातला बदल जिवाणूच्या इफेक्टरला भाताची जनुके हवी तशी चालवू देत नाही. तिन्ही अडथळे एकदम ओलांडायचे तर जिवाणूला एकाच वेळी अनेक बदल करावे लागतील. ऑस्ट्रेलियातल्या सीएसआयआरओ आणि इतर संस्थांच्या संशोधकांनी २०२१ साली गव्हात तांबेऱ्याविरुद्धची पाच जनुके एकाच ठिकाणी जोडून दाखवली.

गव्हातले एलआर३४ हे जनुक तर वेगळ्याच वाटेने जाते. ते पेशीला मारत नाही, तांबेऱ्याची वाढ संथ करते. ते अ‍ॅब्सिसिक आम्ल या संप्रेरकाची पेशीतली ने-आण करते, असे आढळले आहे. त्याची किंमतही दिसते, कारण अशा गव्हाच्या पानाचे टोक लवकर वाळते. पण हे जनुक कित्येक दशके जगभरच्या शेतांत असूनही तांबेऱ्याने त्यावर मात केलेली नाही.

दुसरा धडा फवारणीचा. ‘पिकाची रोगप्रतिकारशक्ती वाढते’ असे सांगत अनेक द्रावणे विकली जातात. त्यांतली काही उपयोगी असतीलही. पण घेण्याआधी विचारलेच पाहिजे की ही शक्ती कोणाविरुद्ध वाढणार आहे. भुरीविरुद्ध, करप्याविरुद्ध की अळीविरुद्ध? ती कोणत्या अवस्थेत वापरायची आणि रोग आलाच नाही तर उत्पादनात किती घट सोसावी लागेल? विक्रेत्याकडे उत्तर नसेल तर कृषी विद्यापीठाच्या शिफारशी पाहाव्यात आणि शेताच्या एका पट्ट्यात फवारून, दुसरा पट्टा तसाच ठेवून दोन्हींचे उत्पादन मोजावे. झाड स्वतः हा हिशोब करूनच लढते. त्याच्या वतीने निर्णय घेणाऱ्या माणसानेही तो केला पाहिजे.